वाड्यात खोल्या किती, हे मोरी ठरवते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाईजवळच्या गावात आजोबांचा दोन चौकी वाडा आहे, वय दीडशे-दोनशे वर्षं. पुढचा चौक धड आहे, मागच्या चौकाची एक बाजू पावसात बसली आहे. राहायला कुणी नाही. तुम्ही आणि चुलतभाऊ मिळून तो दुरुस्त करून पाहुण्यांसाठी आठ खोल्या काढायच्या म्हणता. गावातला ठेकेदार म्हणतो, कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत) काढून स्लॅब टाकू, भिंतींना सिमेंटचा गिलावा मारू, खोलीगणिक संडास-बाथरूम देऊ, बाहेरून वाडा आहे तसाच दिसेल. हे करावं का, खर्च किती येईल आणि हात कुठून घालायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीचीच कामं करतो, बरीचशी सातारा-वाई-भोर या पट्ट्यातली. वाडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलू नये अशा गोष्टी यात पुष्कळ आहेत. जिथे तसं आहे तिथे तसं म्हणेन. पण एक गोष्ट न पाहताही सांगता येते, आणि ती ठेकेदाराने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही.

वाडा दुरुस्त होतो. सागाचं लाकूड, घडीव दगड आणि माती यांचं बांधकाम उलगडता येतं, खराब झालं तेवढं काढून पुन्हा बसवता येतं. अडचण पाहुण्यांची आहे. पाहुणा म्हटला की आंघोळ, संडास, बेसिन आणि चादरी-टॉवेलांचं धुणं आलं. हॉटेलसाठी पाण्याचं जे मानक धरतात ते दर खाटेमागे रोज १८० लिटर. आठ खोल्या, सोळा खाटा, म्हणजे २,८८० लिटर. एवढं पाणी रोज आत येणार, रोज बाहेर जाणार, आणि घर मातीचं. आधी याचं उत्तर काढायचं. कडीपाट की स्लॅब हा वाद त्यानंतरचा.

ज्यांनी वाडा बांधला त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर बाहेरून विटेचं किंवा दगडाचं अस्तर, पोटात पांढऱ्या मातीचे भेंडे (न भाजलेल्या विटा), आणि वजन घ्यायला सागाचे खांब, तुळया. मातीचा भेंडा कोरडा आहे तोवर त्याला शंभर वर्षं काही होत नाही. म्हणून आड चौकात नाहीतर परसात, न्हाणीघर मागच्या अंगाला, मोरी बाहेरच्या भिंतीशी आणि संडास परसाच्या टोकाला. चौकात पडलेलं पावसाचं पाणीसुद्धा दगडी गटारातून जोत्याखालून थेट बाहेर. तुम्ही हा आराखडा एकदा कागदावर काढून बघा: पाण्याची प्रत्येक जागा मातीच्या भिंतीपासून लांब किंवा दगडावर आहे. माजघरात आणि माडीवर पाणी यायचं ते तांब्या-कळशीतून.

आता माडीवर बाथरूम काढायचं म्हटलं की काय होतं बघा. पाइप लपवायला फरशीखाली सहा इंच भर घालतात, त्यात विटांचे तुकडे आणि सिमेंट, वर फरशी. हे झालं चौरस मीटरला अडीचशे-तीनशे किलो. तीन चौरस मीटरचं लहानसं बाथरूम धरलं तरी पाऊण टनाच्या घरात वजन जातं, आणि ते बसतं जुन्या कड्यांवर. वजन एक वेळ जास्तीची तुळई घालून पेलता येईल. गळती पेलता येत नाही. कुठलाही सांधा कधी ना कधी पाझरतो. काँक्रीटच्या इमारतीत खालच्याच्या छताला डाग पडतो, तो वर येऊन भांडतो आणि काम होतं. वाड्यात ते पाणी फळीच्या पोटातून सरकत तुळईच्या टोकाशी जातं, टोक भिंतीत दडलेलं असतं, आणि डाग दिसेपर्यंत टोक मऊ झालेलं असतं.

म्हणून माझा नियम सरळ आहे. माडीवर पाणी न्यायचं नाही. संडास नाही, बेसिन नाही, एसीतून ठिबकणारं पाणीही भिंतीत सोडायचं नाही. वाडा एकाच कुटुंबाला किंवा मित्रमंडळींना अख्खा भाड्याने देणार असाल तर माडीवर दोन खोल्या झोपायला ठेवता येतील, कारण तेव्हा खाली उतरून बाथरूमला जायला लोक कुरकुरत नाहीत. खोलीगणिक देणार असाल तर माडी बसायला, वाचायला, पत्ते कुटायला ठेवा. तिथून चौक दिसतो, संध्याकाळी वारा येतो, सगळ्यांना ती आवडते. त्या जागेचे पैसे खोलीच्या दरात वसूल होतात.

तळमजल्यावरही माजघराच्या मधोमध बाथरूम नको. इथे तुमची पडलेली बाजू कामाला येते. तुम्ही ती नुकसान म्हणून मोजताय. माझ्या लेखी ती या कामातली सगळ्यात मोलाची जागा आहे. त्या बाजूचं जोतं बहुधा शाबूत असेल (हे उकरून पाहावं लागेल). तिथे स्वतःच्या पायावर उभं राहणारं हलकं नवं बांधकाम करा, वर कौलंच घाला, आणि सगळ्या मोऱ्या, संडास, स्वयंपाकघर, धुण्याची जागा तिथे एका रांगेत घ्या. नव्या आणि जुन्या भिंतीत दोन इंचांची फट ठेवा, वरून पत्र्याने झाका, म्हणजे नव्याची ओल जुन्याला शिवत नाही आणि भूकंपात दोन्ही एकमेकांवर आपटत नाहीत. पाइप भिंतीत गाडू नका. बाहेरच्या अंगाने उघडे न्या. दिसायला बरे दिसत नाहीत हे कबूल, पण पाझरले तर त्याच दिवशी कळतं. आणि नव्या भागाला खोट्या महिरपी, फायबरचे नक्षीदार हस्त (तुळईखालचे आधार) लावू नका. साधं, पांढरं, नीटनेटकं ठेवा. खऱ्या वाड्याशेजारी नकली वाडा उभा केला की पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांत दोन्हीबद्दल शंका येते.

मग मैलापाणी. गावठाणात ड्रेनेज नसतं, त्यामुळे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आला. भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर लांब ठेवायला सांगितलंय. परसाचा नकाशा काढा, तुमच्या आडाभोवती आणि शेजाऱ्यांच्या विहिरींभोवती १८ मीटरची वर्तुळं मारा. गावठाणातल्या परसात त्यानंतर बऱ्याचदा एखादाच कोपरा उरतो, कधी तोही नाही. जमीन काळी असेल तर पाणी शोषत नाही, मुरूम असेल तर शोषते. त्यासाठी दोन-तीन फूट खड्डा खणून त्यात पाणी भरून किती वेळात ओसरतं ते बघायचं. त्या कोपऱ्यात जेवढं पाणी जिरेल तेवढ्याच तुमच्या खोल्या. न पाहता आकडा सांगायचा झाला तर मी चार म्हणेन, फार तर पाच. आठ होणार नाहीत, आणि केल्या तर वाडा दहा-बारा वर्षांत मोडकळीला येईल.

आता ठेकेदाराच्या सल्ल्याकडे. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याला स्लॅब येतो, कडीपाट येत नाही, म्हणून तो स्लॅब विकतो. पण पाच इंची स्लॅबचं नुसतं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर. कडीपाटाचं वजन तुळयांतून खांबांवर आणि खांबांखालच्या तळखड्यांवर जायचं. स्लॅब टाकताना खांब "मध्ये येतात" म्हणून काढतात आणि सगळा भार मातीच्या भिंतींवर बसवतात. त्या भिंती त्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या.

सातारा जिल्ह्यात राहून भूकंप विसरून चालत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जे झालं ते पहाटे चारच्या सुमाराला, लोक झोपेत असताना. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, भिंतीचे आतले आणि बाहेरचे दोन पदर एकमेकांना बांधलेले नाहीत, आणि डोक्यावर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं, प्रचंड ओझं. तुम्ही उद्या परक्या माणसांना पैसे घेऊन त्या छपराखाली झोपवणार आहात. म्हणून वरचं वजन वाढवायचं नाही, जमलं तर कमी करायचं. माडीवरच्या जमिनीत वर्षानुवर्षं थर चढलेली माती असते, ती काढून हलकी भर घातली तरी बराच फरक पडतो. दगडी भिंतीला दर मीटरभर अंतरावर दोन्ही पदरांतून आरपार जाणारे दगड बसवायचे, आणि भिंतीच्या माथ्यावर सागाचा किंवा लोखंडी पट्टा चौफेर फिरवून तुळया त्याला बांधून घ्यायच्या. हे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या, आणि असा शोधा ज्याने आधी लाकूड-मातीचं काम केलंय. बाकीचे सरळ "पाडा" म्हणून लिहून देतात.

भेगा दिसल्या की लोक घाबरतात. आधी घरातल्या कुणाला तरी विचारा, भेग केव्हाची. कोयनेच्या वेळची असेल आणि तेव्हापासून तशीच असेल तर ती फक्त बुजवायची आहे. माहीत नसेल तर भेगेवर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची बोटभर पट्टी आडवी लावा, त्यावर पेन्सिलीने तारीख लिहा. सहा महिन्यांनी पट्टी तडकली असेल तर भेग चालू आहे, पाया बघावा लागेल. भिंतीला पोट आलं असेल, म्हणजे ओळंबा सोडल्यावर भिंत मध्येच बाहेर येत असेल, तर मात्र पट्टीच्या नादी न लागता आधी टेकू द्या.

सिमेंटच्या गिलाव्याबद्दल लोकांना सांगून सांगून थकलो, तरी पुन्हा सांगतो. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत थोडीफार चढतेच. चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून ती वाऱ्याने सुकते. सिमेंटचा थर तिला अडवतो. मग ती आणखी वर चढते, कमरेएवढी, खांद्याएवढी, आणि जिथे वाट मिळेल तिथे क्षार सोडून बाहेर येते. त्यालाच लोणा लागणं म्हणतात. सिमेंटचा गिलावा वरून टणटणीत दिसतो, हाताने ठोकला की पोकळ वाजतो, आणि काढला की आतला भेंडा ओल्या रव्यासारखा हातात येतो. भिंतीत उभा असलेला सागाचा खांबही त्याच ओलीत असतो. तुमच्या वाड्यात आधीच कुणी खालचे तीन-चार फूट सिमेंट मारलं असेल (बहुतेक वाड्यांत मारलेलं असतं), तर पहिल्या कोरड्या महिन्यात ते खरवडून काढा आणि भिंत एक उन्हाळा उघडी सुकू द्या. हे काम फुकट आहे आणि त्याने जेवढा फायदा होतो तेवढा महागड्या रसायनांनी होत नाही.

चुना करायला अवघड नाही, धीर लागतो. कळीचा चुना आणून हौदात विरवायचा, पाण्याखाली निदान महिनाभर मुरवायचा, मग चाळलेली वाळू आणि विटांची सुरखी (भुकटी) घालून मळायचा. गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा, उडदाचं पाणी घालायची रीत आहे. प्रत्येक गवंडी आपलंच प्रमाण खरं मानतो. मी भांडत नाही, आधी हातभर भिंतीवर नमुना करायला सांगतो आणि महिन्याने नखाने ओरखडून बघतो. गिलावा दसऱ्यानंतर सुरू करावा आणि होळीच्या आत संपवावा. कडक उन्हात तो भराभर सुकतो आणि तडकतो. ओली पोती टांगून आठवडाभर तरी ओलसर ठेवावा लागतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला वेळ लागतोच. ठेकेदार "आठ दिवसांत हात काढतो" म्हणाला तर त्याने त्यात सिमेंट घातलंय असं समजा.

लाकूड कसं तपासायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे तुम्ही स्वतः एका रविवारी करू शकता. लाकडी हातोडी, मोच्याची आर किंवा पातळ स्क्रू-ड्रायव्हर, आणि टॉर्च. तुळई मध्यावर क्वचित बिघडते. ती बिघडते टोकाला, भिंतीत शिरते त्या वीतभर जागेत. मध्यावर हातोडी मारा, आवाज खणखणीत येईल. तशीच मारत भिंतीकडे सरका. आवाज भदाडा झाला की थांबा आणि तिथे आर टोचा. चांगल्या सागात ती गव्हाच्या दाण्याएवढीही शिरत नाही. सडलेल्या टोकात बोटभर सहज जाते. टोचलेल्या जागेतून मातीचे बोगदे निघाले तर वाळवी, पिठूळ भुसा पडला तर भुंगा, आणि लाकूड चौकोनी तुकड्यांनी तुटलं तर ओलीची सड. वाळवी आणि सड जिथे असेल तिथे वर कौल फुटलेलं किंवा खाली मोरी असणारच. कारण आधी बंद करायचं, औषध नंतर. भुंग्याला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दोन-तीनदा पाजतात, सुकल्यावर जवसाचं तेल.

टोक सडलं म्हणून अख्खी तुळई बदलू नका. खालून जॅक लावून भार उचलायचा, सडलेलं टोक तिरकं कापायचं आणि जुन्याच सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडून बोल्ट मारायचे. हे करणारे सुतार आहेत, थोडे आहेत, महाग आहेत, आणि लग्नसराईत येत नाहीत. पडलेल्या बाजूचं लाकूड मात्र एकही काडी विकू नका. भंगारवाला "साफ करून देतो" म्हणून येईल. त्याला कळतं त्या लाकडाची किंमत काय. प्रत्येक तुळईला, कडीला पत्र्याची चकती ठोकून नंबर घाला, फोटो काढा, परसात विटांवर रचून झाकून ठेवा. तुमच्या सांध्यांचं लाकूड तेच आहे.

आणि हात कुठून घालायचा, तर छपरापासून. बाकी काही जमलं नाही तरी या पावसाआधी ताडपत्री टाका, फुटकी कौलं बदला. वर कौलं कुठली आहेत ते बघा. मंगलोरी असतील तर ती मूळची नसावीत. त्या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली काढला, आपल्याकडे गावोगाव ती पोचली त्याहून नंतर. त्याआधी तुमच्या वाड्यावर नळीची कौलं किंवा धाबं असणार. हे अशासाठी सांगतो की "सगळं मूळचं पाहिजे" या हट्टाला अर्थ नाही. आजोबा-पणजोबांनीही वाडा बदललाच होता. मंगलोरी कौलं चांगली आहेत, चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात, जुनी बोटाच्या पेराने वाजवून खणखणीत वाजतील ती परत वापरा. वानरांचा उच्छाद असेल (वाई भागात असतोच) तर वाशांवर आधी फळ्यांचं अस्तर घाला, म्हणजे कौल फुटलं तरी पाणी आणि वानर दोन्ही पाहुण्याच्या पलंगावर येत नाहीत. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी (पावसाआधी कौलांची दुरुस्ती) करायची, त्यासाठी शंभर-दोनशे कौलं परसात शिल्लक ठेवायची.

विजेचं काम भिंती खोदून करू नका, उघड्या पाइपमधून करा, आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय एकही गिझर जोडू नका. गिझर किंवा सोलर, दोन्ही नव्या भागाच्या बाजूला. पाहुण्यांना एक दिवस तांब्याच्या बंबाची हौस असते, तो चौकात पेटवा. मच्छर अगरबत्तीवर मात्र बंदी, विजेवरची यंत्रं द्या. कडीपाटाखाली रात्रभर जळणारी काहीही वस्तू नको. अग्निशामक नळकांडी प्रत्येक सोप्यावर, आणि माडीवरून उतरायला दुसरी वाट हवी. वाड्यातला भिंतीतला जिना दोन फुटांचा आणि उभा असतो, त्याला दोर किंवा दांडा धरायला द्या. बुटक्या दारांच्या चौकटी कापायच्या भानगडीत पडू नका, वर घुंगरांची माळ टांगा. डोकं लागायच्या आधी घुंगरू लागतात.

आता कागद. खरं तर हे छपराच्याही आधी. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला आजोबांचं किंवा वडिलांचं नाव असेल, पण ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देताहेत. तुमच्या गावाची मोजणी झाली का, आणि पत्रिकेवर कुणाकुणाची नावं लागली, ते भूमि अभिलेख कार्यालयात विचारा. तुम्ही पत्रात काकांचा उल्लेख केलात, आत्याचा शेवटी सहज केलात. आत्याला गृहीत धरू नका. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. तुमच्या वाड्याला हे कसं लागू होतं ते वकील कागद बघून सांगेल. सगळ्यांची नोंदणीकृत संमती किंवा हक्कसोडपत्र होईपर्यंत लाख रुपयेसुद्धा घालू नका, ताडपत्री सोडून. आणि भावाभावांत आत्ताच लिहून ठेवा: शाकारणीचा खर्च कोण देणार, आणि गणपतीच्या दहा दिवसांत वाडा पाहुण्यांना की घरच्यांना. दुसऱ्या मुद्द्यावरून जास्त भांडणं होतात.

परवानग्या जागेवर ठरतात. वाडा कृष्णेच्या काठी असेल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते जलसंपदा खात्याच्या नकाशावर बघा. संडासांची नवी बाजू निळ्या रेषेच्या आत येऊन चालणार नाही. जवळपास केंद्र संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या १०० मीटरांत नवं बांधकाम बंद आहे, पुढच्या २०० मीटरांत परवानगीने, आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. व्यवसायासाठी राज्याच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे. केंद्राच्या तशाच योजनेत सहा खोल्यांपर्यंत चालतं, मात्र मालकाने त्याच घरात राहायला हवं. तुम्ही सगळे पुण्यात आहात, तेव्हा तिथे राहणारं कुणी तरी घरचंच शोधा. जेवण देणार तर अन्न परवाना, आणि परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची ऑनलाइन माहिती भरायची. यातलं काही अवघड नाही, वेळ खातं.

खर्चाचा आकडा मी देत नाही, आणि जो चौरस फुटाच्या दराने देईल त्याचं ऐकू नका. नव्या बांधकामाला तो दर चालतो. वाड्यात एका खणाची (दोन खांबांमधल्या जागेची) तुळई धड असते आणि शेजारच्या खणातल्या तुळईची दोन्ही टोकं गेलेली असतात. कामं वेगवेगळी लिहून दर घ्या: छप्पर, लाकूड, भिंती, नवा भाग, मैलापाणी, वीज. छप्पर आणि लाकूड यांतच मोठा पैसा जातो. येईल त्या आकड्यावर एक चतुर्थांश वेगळा ठेवा, भिंत उघडल्यावर तो लागतोच. वेळ म्हणाल तर दोन कोरडे हंगाम: पहिल्यात छप्पर आणि लाकूड, पावसाळ्यात चुना मुरवणं आणि सुतारकाम, दुसऱ्यात गिलावा, नवा भाग आणि फरशी.

उत्पन्नाबद्दल स्पष्ट बोलतो. पिलाजीराव जाधवरावांची १७१० ची जाधवगडची गढी किंवा सावंतवाडीचा राजवाडा यांची हॉटेलं बघून हिशेब मांडू नका. त्यांचा आकार, नाव आणि भांडवल वेगळं. तुमचे पाहुणे येणार ते शनिवार-रविवारी, दिवाळीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कासची फुलं बघायला जाताना. चार खोल्यांतून राखणदाराचा पगार, शाकारणी, वीज आणि दुरुस्ती सुटते, वर थोडं उरतं. घातलेलं भांडवल लवकर परत हवं असेल तर हा धंदा करू नका. शूटिंगवाले येतील आणि एका दिवसाचे भरपूर पैसे सांगतील. द्या, पण अनामत घ्या आणि खांबांना खिळे ठोकायचे नाहीत हे करारात लिहा.

पुढचं सांगायला मला तुमच्याकडून काही गोष्टी लागतील: दोन्ही चौकांची मापं, खांबांमधलं अंतर, जोत्याची उंची, परसाचा उतार कुठल्या दिशेला आहे, आड आणि शेजाऱ्यांच्या विहिरी कुठे आहेत, आणि पडलेल्या बाजूचा वरून काढलेला फोटो. जमलं तर जोराच्या पावसात एकदा छत्री घेऊन वाड्यात जा आणि पाणी कुठे गळतं, कुठे साठतं आणि चौकातलं गटार अजून वाहतं का, त्याचं मोबाइलवर चित्रण करा. गटार तुंबलेलं असेल तर ते मोकळं करून घ्यायला माझ्या उत्तराची वाट बघू नका.